बांधावरचे वेल

श्रावण सरत आला तरी झड उघडायचं नाव घेत नव्हती. आठ दिवस बोरथडीला ऊन दिसलं नव्हतं, तापीचं गढूळ पाणी काठाला लागलं होतं आणि केळीच्या बागांत घोटाभर चिखल होता. अशाच दिवसांत केळीला हरण्या धरतो. पानावर पिवळे पट्टे पडतात, पान कडक होतं, कोवळ्या पानाचा पोंगा सडतो आणि झाड आहे तिथेच खुंटतं. औषध नाही. झाड कंदासकट उपटून पुरायचं एवढाच इलाज, आणि नेमका तोच कोणाच्या हातून होत नाही. लोक पट्ट्याचं पान विळ्याने कापतात आणि रोग गेला म्हणून घरी जाऊन चहा पितात.

कुंदाबाई प्रेमराजभाऊच्या बागेत पुढे चालली होती. मागून सारिका, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली वही. सारिका अमळनेरची, सत्तावीस वर्षांची, विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. हरण्या कुठून येतो आणि कसा पसरतो हा तिचा विषय. प्रेमराजभाऊने तिला तीन एकरांचा प्लॉट मोजणीला दिला होता आणि पहिल्याच दिवशी ती केळीत वाट चुकली म्हणून सोबतीला आपल्याकडच्या रोजाच्या कुंदाबाईला दिलं होतं. त्याला वाटलं, वाट दाखवील. कुंदाबाईने वाट दाखवली ती वेगळीच.

"हे एक," कुंदाबाई थांबली.

सारिकाने पान पाहिलं. हिरवंगार होतं. "मावशी, याच्यावर तर काहीच नाही."

"हात लाव. कडक लागतं का नही? आता उजेडाकडे धर."

उजेडाकडे धरल्यावर हिरव्यात दोऱ्याएवढ्या फिकट रेघा दिसल्या, त्याही दिसल्यासारख्या वाटल्या. "दहा दिवसांनी पिवळं पडीन. तवा बठ्ठ्याहीले दिसीन," कुंदाबाई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सुरुवातीला सारिकाला हे खरं वाटलं नव्हतं. तिने कुंदाबाईने दाखवलेली चाळीस पानं बर्फाच्या डब्यात घालून तपासायला नेली. अडतीस दुखणी निघाली. त्या दिवसापासून ती कुंदाबाईच्या मागे चालायची आणि कुंदाबाई बोट दाखवील ते लिहायची. वीस वर्षं केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं कापण्यात गेलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, की तुला काय दिसतं. कुंदाबाईला ते फार आवडलं होतं. एवढं आवडलं होतं, की त्यात आपलं काय जाईल याचा विचार तिने केला नाही.

त्या दिवशी बागेच्या टोकाला आल्यावर ती घुटमळली. समोर बांध होता आणि बांधावर तिचेच गिलक्याचे वेल, पिवळ्या फुलांनी भरलेले. बोरथडीचा रिवाज असा, की जी बाई वर्षभर ज्या मालकाकडे रोजाने जाते, त्याच्या बांधावर तिने गिलके, काकडी, डांगर लावावं. ठिबकच्या नळीतून गळणारं पाणी वेलाला पुरतं. मालक त्यात हात घालत नाही. बाया ती भाजी सावद्याच्या बाजारात विकतात, आणि तेवढे पैसे खर्चायला नवऱ्याला विचारावं लागत नाही. कुंदाबाईच्या सासूचाही हाच बांध होता.

"पोरी," ती म्हणाली, "बांधाकडच्या दोन ओळी मोज. मंग मधल्या मोज."

सारिकाने मोजल्या. बांधाकडे मधल्यापेक्षा तिप्पट झाडं दुखणी होती. ती वेलाकडे बघायला लागली. कुंदाबाईने गिलक्याचं एक पान उलटं करून दाखवलं, खाली काळा मावा चिकटलेला.

"हा केळीवर जातो. मले चार वर्षापासून माहीत हाये. बोलली नही कोनाले."

"का?"

"मह्या वेल हाये म्हनून," कुंदाबाई सरळ म्हणाली.

सारिकाने वहीत लिहिलं. कुंदाबाई तिचा हात लिहिताना बघत राहिली, मग म्हणाली, "पन हे अर्धं झालं. झुलालआबाच्या बांधावर येकही वेल नही, तरी त्याचा बाग मधूनच बसला. तो कसानं? तो कंदातून आला. भाऊच्या नदीकडच्या जुन्या बागातले कंद अकरा जनाहीनं लावायले नेले. तो बाग दुखना होता. कंद मीच खांदले, मले माहीत."

सारिकाने तेही लिहिलं. पुढच्या पंधरा दिवसांत दोघींनी गावातल्या चौदा बागा पायाखाली घातल्या आणि आकडे कुंदाबाईच्या बोलण्याला धरून निघाले.

मग पत्रक आलं. सारिकाच्या प्रकल्पाच्या अहवालात एक रकाना होता, समाजासाठी काय केलं म्हणून, आणि त्याखाली फोटो चिकटवायला जागा होती. तिच्या सरांनी सांगितलं, एक पत्रक काढ, शेतकऱ्यांना वाट, फोटो घे. सारिकाने पत्रक छापलं, गावच्या विकास सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलं आणि प्रेमराजभाऊच्या हातात देताना फोटोही काढला. संध्याकाळी कामावरून येताना बाया भिंतीपाशी थांबल्या. सुगंधाबाई सातवी शिकलेली, तिने मोठ्याने वाचलं: "बांधावर मजूर महिलांनी लावलेल्या वेलवर्गीय भाज्यांमधून हरण्या पसरतो. असे वेल त्वरित काढून टाकावेत."

कुंदाबाई पुढची ओळ यायची वाट पाहत राहिली. पुढे फक्त विद्यापीठाचा पत्ता होता.

"मजूर महिला म्हन्जे आपनच न," सुगंधाबाई म्हणाली. "आन हे त्या मॅडमले दाखवलं कोनी, ते इचारा."

कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजभाऊने बागेच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, "रविवारपर्यंत बांध साफ पाहिजेत. नाही तर मी ट्रॅक्टर फिरवतो. आन पुढच्या वर्षापासून बांध-बिंध काही नही. तुमच्या गिलक्यापायी गावाचे बाग बसले." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मोठेपणा होता, आणि तो रागापेक्षा जास्त लागला.

बाया कामावर जायच्या त्या टेम्पोत सकाळी कोणी सरकलं नाही. कुंदाबाई फळीला धरून दोन मिनिटं उभी राहिली. टेम्पो सुटला, ती चालत निघाली. बागेत पिलं कापताना बायांनी तिच्या आणि आपल्यामध्ये एक अख्खी ओळ मोकळी सोडली. दुपारी ती विहिरीच्या काठाला एकटी बसून भाकरी खायला लागली तर सुगंधाबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "फोटोत हिले घेतलं नही व. मेहनत तर हिचीच होती." बाया हसल्या. कुंदाबाईने अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि विळा उचलून परत केळीत शिरली.

गुरुवारी सारिका आली. दिवस मावळायचा होता. कुंदाबाईचा नवरा निंबा बाजेवर पालथा पडला होता आणि कुंदाबाई त्याच्या कमरेला तेल लावत होती. निंबा प्रेमराजभाऊच्या बागांना पाणी देतो. वॉल्व्ह फिरवायचे, मोटार चालू-बंद करायची. कमरेमुळे त्याला दुसरं काम जमत नाही आणि हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मुलगा सुरतेला, तो आपलंच कसंबसं भागवतो.

"या मॅडम," निंबा उठायला लागला.

"पडून राहा," कुंदाबाई त्याला म्हणाली. सारिकाला तिने बस म्हटलं नाही. सारिका उंबऱ्यातच उभी राहिली.

"मावशी, तुम्ही दोन दिवस आल्या नाहीत. मोजणी थांबली आहे. मला एकटीला नाही ओळखता येत."

"दोन गोष्टी सांगतल्या होत्या मी. तू येकच लिवली."

"पत्रकात जागा थोडी..." सारिका बोलता बोलता थांबली. खोटं तिच्याच्याने पुढे रेटवेना. "प्लॉट त्यांचा आहे, मावशी. माझी दोन वर्षांची मोजणी त्या प्लॉटात आहे. त्यांनी फाटक लावलं तर माझ्या हातात काहीच राहत नाही. सर म्हणाले, कंदाचं शोधनिबंधात लिही, गावात नको."

"तो निबंध कोन वाचतं?"

"या विषयातले लोक."

"झुलालआबा वाचीन का? त्याचा बाग गेला."

निंबा बाजेवरून म्हणाला, "कुंदा, जाऊ दे. भाऊले कळलं तर मले उद्याच काढून टाकीन. गिलक्याबिगर जीव जात नही आपला."

तो खोटं बोलत नव्हता, आणि कुंदाबाईलाही भीती होतीच. पण आपण खरं सांगितलं आणि त्यातलं अर्धं उचलून आपल्याच अंगावर फेकलं, हे तिला गिळता येत नव्हतं.

"ऐक पोरी. तुह्या प्लॉट हाये, ह्याचं काम हाये, बायाहीचा बांध हाये. बठ्ठ्याहीचं काही ना काही हाये. फक्त ज्यानं दुखने कंद दिले त्याचं काहीच गेलं नही. बांधबी त्यालेच भेटून राह्यला."

सारिकाचा चेहरा उतरला. आजवर ती गावात नीट, शाळेतलं मराठी बोलायची. आता तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "मी काय करू मावशी? माले काहीच समजत नही."

"रविवारी सकाळी सोसायटीत ये. मोजलेलं बठ्ठं लिहून आन. मोठ्या अक्षरात. तू नही आली तरी मी बोलीन, पन मह्या बोलन्याले कोनी इचारीत नही. कागदाले इचारतात."

सारिका येते म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एसटीची वेळ झाली होती, ती निघून गेली.

शनिवारी कुंदाबाई आपणहून सुगंधाबाईच्या दारात गेली. तिथे आणखी चार-पाच बाया होत्या. "उद्या ट्रॅक्टर यायच्या आधी आपनच वेल काढू," ती म्हणाली.

"म्हन्जे तू त्याहीचीच वकिली करायले आली," सुगंधाबाई कडाडली.

"चाल मह्यासंगं. पाह्य अन् मंग शिव्या दे."

सुगंधाबाई शिव्या द्यायचं मनाशी धरूनच आली. कुंदाबाईने तिला तिच्याच काकडीच्या वेलाची पानं दाखवली. आकसलेली, चट्ट्याचट्ट्यांची, खाली मावा. मग लागून असलेल्या केळीची पानं दाखवली. सुगंधाबाई पन्नाशीची, तिचेही हात केळीतच पिकलेले. तिने बराच वेळ पान चोळलं.

"खरं हाये म्हन्जे," ती हळू बोलली. "मंग आपली बोलतीच बंद."

"ट्रॅक्टरनं काढले तर बंद. आपल्या हातानं काढले तर त्याहीले इचारता येतं, का आमचं आम्ही काढलं, आता तुमचं काढा."

सुगंधाबाईने मान हलवली नाही, पण रविवारी फटफटायला ती विळा घेऊन बांधावर हजर होती. तिच्या मागे तीसेक बाया. झड भुरभुरत होती. भरात आलेले वेल काढणं फार जिवावर येतं. एकेकीने आधी लागलेली गिलकी खुडून पदरात घेतली, कोवळ्या काकड्या घेतल्या, मग बुडाशी विळा लावला. बायजा म्हणून एक म्हातारी होती, ती डांगराचं लहानसं फळ हातात धरून तशीच बसली होती. शेवटी तिचा वेल दुसऱ्या बाईने कापला. कुंदाबाईने आपले वेल स्वतः ओढले. सासूच्या काळापासूनचा बांध दहा मिनिटांत उघडा झाला. तिला रडू आलं आणि ती रडली, विळा चालवता चालवताच.

बायांनी वेलांचे भारे डोक्यावर घेऊन सोसायटीसमोर आणून टाकले. कमरेएवढा ढीग झाला. ओट्यावर दर रविवारसारखे पंधरा-वीस शेतकरी बसले होते, मध्ये प्रेमराजभाऊ, कडेला भिंतीला टेकून निंबा.

"चांगलं केलं," प्रेमराजभाऊ म्हणाला. "समजूतदारपणा दाखवला."

"भाऊ, आमचं काढून झालं," कुंदाबाई म्हणाली. "आता कंदाचं बोला."

"कोनत्या कंदाचं?"

तेवढ्यात सावद्याकडून एसटी आली आणि सारिका उतरली. बगलेत गुंडाळलेला कागद होता. ती कोणाकडे न बघता भिंतीपाशी गेली, आपलंच पत्रक फाडून काढलं आणि तिथे तो कागद चिकटवला. पावसाने एक कोपरा सुटत होता, तो सुगंधाबाईने जाऊन तळहाताने दाबून धरला.

सारिकाने वाचायला सुरुवात केली. चौदा बागा मोजल्या. वेल असलेल्या बांधाजवळच्या दोन ओळींत मधल्यापेक्षा तिप्पट रोग. हे खरं आहे. नदीकडच्या जुन्या बागेतले कंद अकरा जणांनी लावले; त्यांच्याकडे शंभरात एकतीस झाडं दुखणी. दुसरीकडून रोपं आणलेल्या तिघांकडे शंभरात चार. हेही खरं आहे. "हे मी पत्रकात लिहायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी घाबरले. त्यामुळे या बायांच्या एकट्यांच्या माथी आलं. चूक माझी आहे." कागदाच्या तळाशी दोन नावं होती, पाहणी कोणी केली त्यांची. पहिलं नाव कुंदाबाईचं होतं. ते वाचल्यावर ओट्यावरच्या सगळ्या माना निंबाकडे वळल्या आणि निंबाने खाली पाहिलं.

प्रेमराजभाऊ उठला. "मॅडम, उद्यापासून मह्या बागात पाय ठेवायचा नही. आन हे लोक आज बोलून राह्यले, कंद नेताना कोनी तोंड उघडलं होतं का?"

"मी उघडलं होतं," कुंदाबाई म्हणाली. "कंद मीच खांदत होती. भाऊ, हा बाग दुखना हाये म्हनलं. तुम्ही म्हने, तू कंद मोज."

झुलालआबा आतापर्यंत एका कडेला उकिडवा बसला होता. वाळलेला, सत्तरीचा माणूस, चौदाशे झाडांची बाग, सगळे कंद प्रेमराजभाऊकडचे. त्याने मान वर केली. "प्रेमराज, हे खरं का?"

प्रेमराजभाऊ निंबाकडे वळून म्हणाला, "मोटारीच्या चाव्या घरी आनून दे," आणि फटफटी चालू करून गेला.

निंबा तसाच भिंतीला टेकलेला. कुंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आता उद्यापासून घरात काय, हा प्रश्न तिथेच तिच्या छातीवर येऊन बसला. पण बोलणं अजून संपलं नव्हतं.

"वेल आम्ही लावनार नही," ती ओट्यावरच्यांना म्हणाली. "पन बांध आमचा राहीन. वेलाच्या जागी दुसरं काय लावायचं ते ही पोरगी सांगीन."

"ज्वारी लावा," सारिका म्हणाली. "बांधाने चार दाट ओळी. उडून येणारा मावा आधी तिच्यावर बसतो, केळीला त्रास कमी होतो."

"मंग आपली दादर ज्वारीच लावू याच भादव्यात," सुगंधाबाई कोपरा दाबूनच बोलली. "कनीस बायाहीचं, कडबा मालकाचा."

ओट्यावर कुजबुज झाली. पाच जण बरं म्हणाले. बाकीचे पाहू म्हणाले, आणि बोरथडीत पाहू म्हणजे काय हे बायांना सांगायला लागत नाही. हळूहळू एकेक जण उठून गेला. झुलालआबा सगळ्यात शेवटी उठला. तो घराकडे गेला आणि कुदळ खांद्यावर टाकून परत आला.

"कुंदा, चाल मह्या बागात. कोनतं कोनतं काढायचं ते दाखव."

कुंदाबाई गेली. सारिका वही घेऊन मागे, तिच्या मागे सुगंधाबाई आणि आणखी दोघी, उपटलेली झाडं ओढून खड्ड्यात टाकायला. कुंदाबाई पानाला हात लावायची, हे म्हणायची. झुलालआबा कुदळ घालायचा. पहिल्या ओळीत नऊ निघाली, दुसऱ्या ओळीत चौदा. चिखलातून कंद सुटताना मोठा आवाज यायचा. दुपारपर्यंत म्हाताऱ्याच्या धोतराला कमरेपर्यंत चिखल लागला होता आणि बागेला भगदाडं पडली होती. तो मधून मधून विचारायचा, "अजून?" आणि कुंदाबाई म्हणायची, "अजून, आबा."

विहिरीजवळ एक झाड होतं, साऱ्या बागेत उजवं. जाड बुंधा, रुंद पानं, कुठे डाग नाही. कुंदाबाई त्याच्यापाशी थांबली आणि तिने पान हातात घेतलं.

"हे नही, कुंदा," झुलालआबा म्हणाला. "हे चांगलं हाये."

"दिसतं, आबा."

"येक सोडलं तर काय बिघडतं?"

कुंदाबाईला त्याची दया आली. नऊ आणि चौदा आणि पुढची सगळी झाडं तिने याच हाताने दाखवली होती, आणि हे पान मऊ लागावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिने ते पुन्हा चाचपलं. सारिका पेन थांबवून दोघांकडे बघत होती.

"कडक लागतं, आबा," कुंदाबाई म्हणाली.

झुलालआबा पुढे आला. त्याने कुदळ खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि स्वतः पान धरलं. अंगठ्याने चोळलं, उजेडाकडे धरून पाहिलं, परत चोळलं. त्याच्या हाताला काहीच कळत नव्हतं. ते पान त्याला साऱ्या पानांसारखं लागत होतं.

त्याने एकदा कुंदाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून कुदळ उचलली आणि झाडाच्या बुडाशी घातली.